वारीच्या व्याख्येत कोण मावते?

मराठी वाङ्मयात पंढरीच्या वारीइतके दुसऱ्या कोणत्याही यात्रेवर लिहिले गेलेले नाही. अभंग, भारूड, कीर्तन, कादंबरी, ललित लेख, समाजशास्त्रीय टिपण, वर्तमानपत्री वार्तापत्र अशा सर्व प्रकारांत वारी आलेली आहे. या लेखनाच्या आधाराने आपल्याकडे एक समीक्षाही तयार झाली आहे. वारी म्हणजे समता, वारी म्हणजे समन्वय, वारी म्हणजे महाराष्ट्र, अशी समीकरणे ती मांडते. दरवर्षी आषाढ लागला की ही समीकरणे पुन्हा छापून येतात. त्यांच्यासोबत एक छायाचित्रही येते. मुस्लीम बांधव वारकऱ्यांना पाणी देत आहेत, केळी वाटत आहेत, असे ते छायाचित्र असते. हे चित्र खोटे नाही. देहूहून तुकोबांची पालखी निघाली की तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो, हेही खरे आहे. प्रश्न असा आहे की या चित्रातल्या माणसाला मराठी साहित्याने पाणी देण्यापलीकडे काही काम दिले आहे काय?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि मराठी साहित्याची वाचक आहे. वारीवरचे लेखन माझ्या श्रद्धेचा भाग नाही. पण ज्या भाषेत मी लिहिते तिच्या वाङ्मयाचा तो मोठा भाग असल्याने मला तो टाळताही येत नाही. म्हणून वारीविषयीचे काही महत्त्वाचे लेखन एका ठरावीक प्रश्नाने वाचून पाहावे, असे मनात आले. या लेखनात कोण चालते, कोण बाजूला उभे राहते आणि बाजूला उभे असलेल्याला लेखक पाहतो का, हा तो प्रश्न.

इरावतीबाईंची व्याख्या

सुरुवात इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखापासून करावी लागते. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातला हा लेख पुढे १९६२ साली इंग्रजीतून एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत आला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वाचला. इरावतीबाई स्वतः दिंडीत चालल्या. वेगवेगळ्या भागांतून येऊन मिळणारी माणसे त्यांनी पाहिली, त्यांच्या बोलींतले फरक ऐकले आणि त्यातून त्यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचली. जिथली माणसे पंढरीच्या यात्रेला जातात तो महाराष्ट्र, असा त्या व्याख्येचा आशय आहे. मराठीत इतके उद्धृत झालेले वाक्य क्वचितच असेल.

ही व्याख्या ज्या काळात लिहिली गेली तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. त्या वेळी महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. पुणे मुंबई प्रांतात होते, नागपूर मध्य प्रांतात होते, आणि आमचे औरंगाबाद १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते व पुढेही काही वर्षे हैदराबाद राज्यातच राहिले. मराठी भाषकांचे राज्य १ मे १९६० रोजी झाले. सरकारी नकाशा मराठी माणसाचे तीन तुकडे दाखवीत होता. त्या नकाशाला उत्तर म्हणून बाईंनी पायांनी आखलेला नकाशा पुढे केला. महसुली सीमांपेक्षा माणसांचे जाणे-येणे अधिक खरे आहे, असे एका मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने म्हटले. त्या अर्थाने ही व्याख्या उदार आहे आणि तिच्यामागची दृष्टी मोठी आहे.

मात्र व्याख्येचा स्वभावच असा असतो की ती जितक्यांना आत घेते तितक्यांना बाहेरही ठेवते. पंढरीला जाणाऱ्यांचा प्रदेश हे वर्णन होते. पुढच्या वाचकांनी त्याची अट केली. ‘महाराष्ट्रातले लोक पंढरीला जातात’ हे एक विधान झाले आणि ‘जो पंढरीला जातो तोच खरा महाराष्ट्रीय’ हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. पण आपली उत्सवी समीक्षा पहिल्याच्या पोटात दुसरे ठेवून बोलत आली आहे. मग पिढ्यान्पिढ्या गोदाकाठी राहिलेला, शेतात आणि बाजारात मराठी बोलणारा तांबोळी, मणियार, पिंजारी, अत्तार या व्याख्येत कुठे बसतो? आणि बसत नसेल, तर दोष त्याच्यात आहे की व्याख्येत?

याचे उत्तर शोधायला बाहेर जावे लागत नाही. ते ‘वाटचाल’मध्येच आहे. ज्या दिंडीत बाई चालल्या त्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालत होते, एकत्र गात होते. पण स्वयंपाक आणि पंगती वेगळ्या होत्या. याचा बाईंना त्रास होतो. एकाच नामाचा गजर करणारी माणसे जेवायला मात्र वेगळी का बसतात, हा प्रश्न त्या दडवून ठेवीत नाहीत. स्वतः त्या मराठा बायकांकडे जातात, त्यांच्यात जेवतात, आणि त्यानंतर त्या बायका आपल्याशी अधिक मोकळ्या झाल्याचे टिपून ठेवतात. म्हणजे महाराष्ट्राची व्याख्या ज्या लेखात आहे, त्याच लेखात त्या व्याख्येला पडलेली भेगही आहे. माझ्या मते या लेखाचे मोठेपण त्या भेगेत आहे. आपल्या समीक्षेने व्याख्या उचलली आणि भेग तिथेच ठेवून दिली. समन्वयाचे कौतुक करणाऱ्यांनी इरावतीबाईंचा आनंद घेतला, त्यांची अस्वस्थता घेतली नाही.

पाहणारा आणि चालणारा

दुसरे पुस्तक दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४). मोकाशी १९६१ साली ज्ञानेश्वरांच्या पालखीसोबत निघाले. ते भाविक म्हणून निघाले नव्हते, लेखक म्हणून निघाले होते. ही माणसे का चालतात, हे त्यांना पाहायचे होते. पुस्तकभर त्यांची ही अवघड जागा जाणवत राहते. ते गर्दीत आहेत आणि गर्दीचे नाहीत. सोबतच्या माणसांचे दुखणे, थकवा, घरच्या काळज्या, पैशाची चणचण, चतुराई, भोळेपणा हे सारे ते बघतात. टाळमृदंगाच्या आवाजाने भारावून जाण्याची सोय त्यांनी स्वतःला करून दिलेली नाही, आणि नास्तिकाच्या उंच ओट्यावर बसून हसण्याचीही नाही.

माझ्यासारख्या वाचकाला ‘पालखी’ जवळचे वाटते ते याच कारणाने. श्रद्धा नसलेला, पण आदर असलेला माणूस यात्रेविषयी कसा लिहू शकतो, याचा तो वस्तुपाठ आहे. मोकाशी जन्माने त्याच समाजातले होते, त्यामुळे त्यांच्या शंकेकडे कोणी शत्रुत्व म्हणून पाहिले नाही. हीच शंका एखाद्या मुस्लीम लेखकाने लिहिली असती तर? आणि हेच कौतुक त्याने लिहिले असते तर? पहिल्या प्रसंगी त्याच्या हेतूवर संशय घेतला गेला असता. दुसऱ्या प्रसंगी त्याला ‘आदर्श मुसलमान’ म्हणून हार घातला गेला असता. दोन्ही प्रसंगी त्याचे पुस्तक न वाचता त्याचे नाव वाचले गेले असते. बहुसंख्याक समाजातल्या लेखकाला शंका घेण्याची आणि भारावण्याची, दोन्हींची मुभा असते. अल्पसंख्याक लेखकाकडून मात्र आधी दाखला मागितला जातो. वारीच्या लेखनात मुस्लीम लेखणी कमी दिसते याचे एक कारण इथे आहे.

चालण्याचा हक्क आणि आत जाण्याचा हक्क

यात्रा आणि मंदिरप्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी समाजाला मुसलमानाने शिकवलेले नाही. ते चोखोबांनी शिकवले. चौदाव्या शतकातल्या या संताची समाधी पंढरपूरच्या देवळात नाही. महाद्वारासमोर, पायऱ्यांजवळ आहे. अभंग आत गायले गेले आणि अभंग करणारा बाहेर राहिला. ही स्थिती सहाशे वर्षे टिकली. विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण करावे लागले, आणि ते दहा दिवसांनी सुटले. ‘परिपूर्ती’ त्यानंतर दोनच वर्षांनी आले. म्हणजे पंढरीला जाणाऱ्यांचा महाराष्ट्र असे जेव्हा लिहिले गेले, तेव्हा पंढरीला जाऊन उंबऱ्याबाहेर राहिलेल्यांची आठवण अगदी ताजी होती.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि जुनी दैवते सोडली. त्यातल्या अनेकांनी वारीही सोडली. ते व्याख्येबाहेर गेले काय? दलित साहित्याने मराठीचा चेहरा बदलला तो पंढरीला न जाता बदलला. त्याआधी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती होऊन अभंग लिहिले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. टिळकांनी देव बदलला, पण तुकोबांचे बोट सोडले नाही. पुलाची ही उपमा मला फार महत्त्वाची वाटते. पूल गावाच्या मालकीचा असला तरी त्यावरून जाणाऱ्याने कुठे जावे हे गाव ठरवीत नाही.

आमच्या वाटेवरचे शब्द

आमच्या जिल्ह्यात तीर्थांची दाटी आहे. शहरातून वेरूळकडे निघाले की आधी देवगिरीचा किल्ला लागतो, मग खुलताबाद, आणि पुढे काही किलोमीटरवर घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे हे देऊळ वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांनी दुरुस्त केले आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी नव्याने उभारले. खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे आहेत, त्याच गावात भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक भद्रा मारुतीला पायी जातात. उरुसाला जाणारी माणसेही याच रस्त्याने जातात. एकच घाट, एकच डांबर, एकच टपरीवरचा चहा. दक्षिणेला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते आणि आषाढी वारीसाठी नाथांची पालखी पंढरपूरला निघते.

वर्गात मराठीच्या तासाला संतांचा उतारा आला की मला मुलांना ‘वारी’ समजावून सांगावी लागते. उर्दूत यासाठी आयता शब्द नाही. हज ही फर्ज आहे. ऐपत असेल त्याने आयुष्यात एकदा करायची. उमरा त्याहून वेगळा. जियारत म्हणजे बुजुर्गांच्या मजारीची भेट, तिला सक्ती नाही. मुले ‘वारी म्हणजे हज’ असे चटकन म्हणून मोकळी होतात. मी त्यांना सांगते, तसे नाही. हज एकदा केली की जबाबदारी उतरते. वारीत मात्र पुन्हा पुन्हा जायचे असते, त्या शब्दातच फेरी आहे. दिंडी समजावताना मी संदलच्या मिरवणुकीचे उदाहरण देते. मग कोणीतरी विचारते, “टीचर, आपण जाऊ शकतो का?” मी सांगते, रस्ता सगळ्यांचा आहे, इबादत ज्याची त्याची आहे, आणि धडा परीक्षेला आहे. मुले हसतात. पण या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे हेच मराठी शिकण्याचे एक काम आहे, असे मला वाटते. शेजारी असणे, भाविक असणे आणि वाचक असणे ही तीन नाती आहेत. आपल्याकडे एकाची कसोटी दुसऱ्याला लावली जाते, आणि भांडण तिथे सुरू होते.

नाथांनी भांडण लपवले नाही

हे भांडण मराठीत सर्वांत प्रामाणिकपणे कोणी लिहिले असेल तर आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथांनी. त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ हा सोळाव्या शतकातला आहे. सर्वधर्मसमभावाच्या व्याख्यानांत या रचनेचे नाव हमखास घेतले जाते. रचना वाचणारे मात्र थोडे. वाचली तर लक्षात येते की तिचा बहुतेक भाग संवादाचा नसून कडाक्याच्या वादाचा आहे. तुर्क हिंदूला काफर म्हणतो, हिंदू त्याला विटाळ होईल म्हणून दूर हो सांगतो. तुर्क पुराणांतल्या देवांच्या कथांवर बोट ठेवतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे असेल तर एकाच दिशेला तोंड का, आणि प्राण्याच्या हत्येत पुण्य कसले. कोणी कोणाला सोडत नाही. तुर्काच्या तोंडी दखनी ढंगाची भाषा येते. म्हणजे नाथांनी समोरच्याचे बोलणे कान देऊन ऐकले होते. शेवटी दोघांना एकमेकांच्या बोलण्यातला अर्थ कळतो आणि ते एकमेकांना आलिंगन देतात.

आपल्या समीक्षेने काय केले? शेवटचे आलिंगन घेतले आणि आधीचा वाद गाळला. नाथांच्या रचनेत आलिंगन हे वादाचे फळ आहे. ज्या दोघांनी एकमेकांना मनातले सर्वांत बोचरे प्रश्न विचारून घेतले, त्यांनाच ते मिळाले. आज आपण व्यासपीठावर थेट आलिंगनापासून सुरुवात करतो. त्यामुळे प्रश्न मनातच राहतात आणि व्यासपीठावरून उतरल्यावर गल्लीत बाहेर पडतात. ज्याला समन्वयाची समीक्षा करायची आहे त्याने नाथांचा हा क्रम उलटा करू नये.

शेख महंमद: दाखला की कवी?

समन्वयाच्या यादीतले दुसरे हुकमी नाव श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे. सतराव्या शतकातला हा कवी कादरी परंपरेतल्या चांद बोधल्यांचा शिष्य. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. त्यांचेही गुरू चांद बोधलेच, असे परंपरा सांगते. म्हणजे पैठण आणि श्रीगोंदे या दोन्ही वाटा दौलताबादच्या किल्ल्यापाशी एकत्र येतात. घृष्णेश्वराची दुरुस्ती करणाऱ्या मालोजीराजांनीच शेख महंमदांना श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, असेही सांगितले जाते. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांच्या रचना संपादित केल्या, रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तकच लिहिले आणि आमच्याच विद्यापीठातल्या डॉ. यू. म. पठाण यांनी सूफी संतांच्या मराठी रचनांचा अभ्यास केला. या तिघांचे ऋण मोठे आहे.

परंतु शेख महंमदांचा उपयोग कसा केला जातो हे पाहिले पाहिजे. ‘मुसलमान असूनही विठ्ठलभक्त’ या एका वाक्यात त्यांना बसवले जाते. यातला ‘असूनही’ हा शब्द फार बोलका आहे. ‘योगसंग्राम’ हा आध्यात्मिक ग्रंथ आहे. मनातल्या विकारांशी चाललेल्या लढाईचे रूपक त्याच्या मुळाशी आहे. त्यात देवदेवतांच्या नावाने चालणाऱ्या बळी-नवसांवर टीका आहे, ढोंगी साधूंवर आहे आणि ढोंगी फकिरांवरही आहे. देवाचे निराकार रूप त्यांनी कधी सोडले नाही. गोविंद, राम, विठ्ठल ही नावे ते घेतात, कारण मराठी भक्तिकाव्यात ईश्वराला हाक मारण्याची भाषा तीच होती. स्वतःला ते ‘अविंध’ म्हणवतात. कान न टोचलेला असा त्याचा मूळ अर्थ, आणि जुन्या मराठीत मुसलमानासाठी तो शब्द रूढ होता. लोक ज्या शब्दाने वेगळे काढीत तो शब्द त्यांनी आपल्या नावाला जोडला आणि त्याच ओळीत ईश्वराला जागा दिली. ओळख पुसून भक्ती करण्याचा हा प्रकार नव्हे. ‘असूनही’ला जागाच उरत नाही.

ज्यांना ते पुरते आपल्यात ओढायचे आहेत आणि ज्यांना ते पुरते बाहेर काढायचे आहेत, अशा दोघांनाही शेख महंमद अडचणीचे आहेत. अलीकडच्या वर्षांत श्रीगोंद्यातल्या त्यांच्या स्थळाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावरून वाद उभा राहिला. आयुष्यभर ज्याने दोन्हीकडच्या पाट्यांवर टीका केली त्याच्या दारावर कोणती पाटी लावावी, हा तो वाद. ‘योगसंग्राम’ उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटली, हे विचारण्यासारखे आहे.

आपल्या घरातले मौन

केवळ बहुसंख्याक समीक्षेला दोष देऊन थांबणे बरोबर होणार नाही. आपल्याकडेही या विषयावर मौन आहे. देवळाच्या यात्रेविषयी लिहिणे म्हणजे शिर्ककडे झुकणे, असा एक धाक आपल्या लेखकांच्या मनात असतो. तौहीद हा इस्लामचा पाया आहे आणि तो मानणाऱ्याने दुसऱ्याच्या पूजेत सामील होऊ नये, ही भूमिका मला समजते. माझीही तीच आहे. परंतु पाहणे, समजून घेणे आणि लिहिणे म्हणजे पूजा नव्हे. अल्-बिरूनी हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि इथल्या तीर्थांविषयी, व्रतांविषयी, सणांविषयी त्याने ग्रंथ लिहिला. त्यामुळे त्याच्या इमानाला बाधा आली असे कोणी म्हटलेले नाही. अल्-बिरूनीला जे गझनीहून येऊन करता आले ते आपल्याला वेरूळच्या पायथ्याशी राहून का करता येऊ नये?

बारामती तालुक्यातल्या माळेगावच्या जैतुनबी कित्येक दशके दिंडी घेऊन पंढरीला जात होत्या. त्या कीर्तन करीत. वारकरी त्यांना जयदास महाराज म्हणत. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी माझ्या वाचनात आले ते बहुतेक वर्तमानपत्री गौरवाचे. एका मुस्लीम बाईने कीर्तनकार होण्यासाठी घरात काय ऐकले असेल, मोहल्ल्यात काय सोसले असेल, दिंडीत पहिल्या वर्षी तिच्या पंगतीला कोण बसले असेल? हे प्रश्न इरावतीबाईंनी नक्की विचारले असते. हिंदू लेखकाला त्यांच्यात समन्वयाचे प्रतीक दिसले, मुस्लीम लेखकाला अडचण दिसली. त्यांच्यातली बाई दोघांनाही दिसली नाही. आपण तिच्या श्रद्धेशी सहमत व्हावे अशी कोणाची मागणी नाही. तिची कथा मराठीत यावी, एवढीच अपेक्षा आहे.

लेखनाची जागा

या चर्चेची निकड कोणाला वाटत नसेल तर त्याने मढीकडे पाहावे. पाथर्डी तालुक्यातल्या मढीचे कानिफनाथ मुस्लीम भाविकांत शाह रमजान या नावाने ओळखले जातात. पैठणहून गोदेच्या पाण्याच्या कावडी तिथे जातात. २०२५ मध्ये तिथल्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लीम व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत असा ठराव केला. प्रशासनाने तो नियमबाह्य ठरवला. प्रश्न पूजेचा नव्हताच. बांगड्या, खेळणी, रेवड्या विकण्याचा होता. यात्रा म्हणजे देव आणि भक्त एवढेच असते असे मानले तर असा ठराव करणे सोपे जाते. यात्रा म्हणजे बाजार, रस्ता, पाणी, निवारा, ढोल, चप्पल सांधणारा, मंडप बांधणारा, गाडी हाकणारा अशी सगळी मिळून होते, हे जर साहित्यात लिहिले गेले असते, वाचले गेले असते, तर कदाचित ठराव लिहिणारा हात थोडा अडखळला असता. साहित्याने दंगे थांबत नाहीत हे मला माहीत आहे. पण साहित्यात जो माणूस नसतो, त्याला यात्रेतून वगळताना कोणाला काही चुकते आहे असे वाटत नाही.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले. एकाच वर्षात घडलेल्या या दोन घटना दोन वाटा दाखवतात. एक, आपले अनुभव आपल्या नावाने मराठीत मांडण्याची. दुसरी, मराठीचा सगळा जुना ठेवा आपलाच म्हणून अभ्यासण्याची. संतसाहित्याचा हा अभ्यासक श्रद्धेने वारकरी नव्हता, आणि तरीही महानुभावांच्या पोथ्यांपासून नाथांपर्यंत त्याला कोणाची परवानगी लागली नाही. या दोन वाटा एकमेकींच्या विरोधात नाहीत. नव्या लेखकाने दोन्हींवर चालावे.

त्यासाठी वारीच्या लेखनात एक जागा रिकामी आहे, ती रस्त्याच्या कडेची. पालखी ज्या गावांतून जाते त्या गावांत मुस्लीम घरे आहेत. त्या घरांच्या ओट्यावरून वारी कशी दिसते, हे मोकाशींना लिहिता आले नसते, कारण ते वारीच्या आत होते. इरावतीबाईंनाही नाही. ते तिथे राहणाऱ्यानेच लिहायला हवे. त्यात कौतुक असेल तसा कंटाळाही असेल, धंदा असेल, मैत्री असेल, काही वर्षांची भीतीही असेल. तसेच आपल्या जियारती, उरूस, हजला निघालेल्या आजोबांना निरोप द्यायला स्टेशनवर जमलेले गाव, हेही मराठीत यावे. तुकोबांच्या भाषेत हजचे प्रवासवर्णन आले तर भाषेचे काही बिघडणार नाही. तिची फेरी थोडी मोठी होईल.

इरावतीबाईंची व्याख्या टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. तिला जोड द्यावी. पंढरीला जाणाऱ्यांचा महाराष्ट्र खरा आहे. त्यांना जाताना पाहणाऱ्यांचा, त्यांच्यासाठी रांजण भरून ठेवणाऱ्यांचा, त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांचा आणि त्यांचे अभंग वाचून आपल्या देवाकडे वळणाऱ्यांचा महाराष्ट्रही तितकाच खरा आहे. पहिल्याविषयी भरपूर लिहून झाले आहे. दुसऱ्याविषयी लिहिणे हे आपले काम आहे, आणि ते कोणी सांगण्याची वाट न पाहता सुरू करावे.